डावीकडे मार

चेंडू पुन्हा तूलियाच्या उजव्या मांडीवरच आला, तोही अगदी अलगद. तिनं तो चवड्यावर झेलून समोर रोन्याकडे उडवला. रोन्याचा अंदाज चुकला आणि चेंडू रबराच्या चटईवर टप्पा खाऊन भिंतीपाशी गेला. रोन्या संघाची गोलकीपर. “गोलकीपर आहेस की उघडी खिडकी?” कुणीतरी म्हणालं. ती कुरकुरत वर्तुळाबाहेर झाली.

कायानी गावातल्या आइस हॉकी रिंकमागच्या या बंदिस्त बोळात प्रत्येक सामन्याआधी हा खेळ व्हायचाच. बर्फावर उतरण्यापूर्वी अंग गरम करायला वर्तुळात उभं राहून फुटबॉल. चेंडू जमिनीला लागला की बाहेर. जिचा जो पाय कच्चा, तिच्या नेमक्या त्याच पायावर चेंडू मारायचा, आणि त्यात मैत्रीबित्री बघायची नाही.

मागच्या वसंतानंतर तूलिया आज पहिल्यांदा या वर्तुळात उभी होती. तेव्हा सरावात तिची आणि मेर्वीची टक्कर झाली आणि तिच्या डाव्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. मेर्वी संघाची कॅप्टन, आणि तूलियाची शाळेपासूनची मैत्रीण. मग शस्त्रक्रिया, कुबड्या, रोजची जागेवरची सायकल, एका पायावरच्या बैठका, हिवाळा लागल्यावर सौनाच्या गरम वाफेतून निघून तळ्याच्या बर्फात पाडलेल्या भोकात बुडी. डॉक्टरांनी टेप घेऊन दोन्ही मांड्यांचा घेर मोजला. सारखा भरला. पाय तयार होता. पण कोच हिल्कानं निर्णय तिच्यावरच सोडला होता. खेळ संपला की येऊन सांग, म्हणाली होती, आज उतरणार की नाही ते.

एकेक जण गळत गेली आणि शेवटी वर्तुळात दोघीच उरल्या, तूलिया आणि मेर्वी. तूलिया मनातून खूश झाली. आणि मग तिच्या लक्षात आलं की आतापर्यंत एकही चेंडू तिच्या डाव्या बाजूला आलेला नाही. एकही नाही. आपल्याच पोरींचा या गुडघ्यावर भरवसा नसेल, तर बर्फावर जाऊन काय करायचं?

मेर्वीचा चेंडू आला. उजवीकडे, हळूच. तूलियानं तो सरळ हातात धरला आणि परत तिच्याकडे फेकला.

“डावीकडे मार. उगाच लाड नकोत.”

मेर्वीनं चेंडू पायाशी ठेवला, पण मारला नाही.

“जमत नाही मला,” ती म्हणाली. “कुणालाही धडक द्यायला गेले ना, की तुझ्या गुडघ्याचा तो आवाज ऐकू येतो.”

तूलियाला या मोसमातले सामने आठवले. तिनं ते प्रेक्षकांत बसून पाहिले होते. कडेच्या फळीशी समोरची खेळाडू कोंडली गेली की मेर्वी ऐन वेळी जराशी थबकायची. वय झालं तिचं, असं लोक म्हणायचे. तूलियालाही तसंच वाटलं होतं. रोज सकाळी शेजारच्या सायकलवर हीच बसायची. थंड पाण्यात आधी हीच उतरायची. ही आपल्याला सोबत करायला येते, असं तूलिया धरून चालली होती. ती स्वतःसाठीही येत होती, हे तिला आत्ता कळलं.

“मार गं, भित्रे,” ती म्हणाली. तिचा स्वर मऊ झाला होता.

मेर्वीनं डोळे मिटले, उघडले आणि जीव खाऊन चेंडू मारला. तो सणसणत तूलियाच्या डाव्या बाजूला आला. तिनं तो डाव्या मांडीवर घेतला. पाय जागचा हलला नाही. चेंडू खाली यायच्या आत तिनं त्याच पायानं तो मेर्वीच्या पोटात हाणला. मेर्वी कळवळली, आणि चेंडू चटईवर पडून घरंगळत गेला.

“कॅप्टन बाहेर,” रोन्यानं शांतपणे जाहीर केलं. सगळ्या जणी हसत सुटल्या. मेर्वी भिंतीला टेकून पोट दाबत हसत होती आणि जर्सीच्या बाहीनं डोळे पुसत होती.

हिल्कानं दारातून डोकं आत घातलं आणि तूलियाला विचारलं, काय ठरलं, उतरतेस का?

“हो,” तूलिया म्हणाली. “आणि मेर्वीपण परत आलीये.”