मोज्याआडची बोटं

गेंट शहरातल्या बायकांना स्वतःचं खरं तोंड फोटोत नकोच असायचं. म्हणून फोटोग्राफर गोडेलीव्ह कॅमेऱ्याच्या भिंगावर आपला काळा रेशमी मोजा ताणून बांधायची. सुरकुत्या, देवीचे व्रण, सगळं धुक्यात जायचं आणि बाया देवदूत होऊन घरी परतायच्या. या खोटेपणाची तिला मनापासून चीड होती. पण आज तिची स्वतःची लेक पांढरा झगा घालून स्टुलावर बसली होती. उद्या चर्चमध्ये तिचा पहिला ख्रिस्तप्रसाद होता.

"माझा भाजलेला गालही पुसून टाक," लुटगार्ट म्हणाली. "शाळेत करपलेला पाव म्हणतात मला."

"म्हणू देत. त्यांची तोंडं काय लोण्याची आहेत? बस सरळ."

गोडेलीव्ह कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडाखाली शिरली. कॅमेऱ्याच्या दुधी काचेवर लेक उलटी उमटली होती. झगा, केस, गाल, सगळं मऊ, विरघळलेलं. फक्त तिच्या खांद्यावर चार बोटं लख्ख दिसत होती. नखांतला मळसुद्धा दिसत होता.

ती कापड फेकून बाहेर आली. लुटगार्ट एकटीच बसली होती. दाराला आतून कडी होती. मोजा भिंगावर घट्ट होता आणि त्यातून इतकं स्पष्ट काही दिसणं शक्यच नव्हतं.

ती पुन्हा कापडाखाली गेली. बोटं आता मानेवर होती, आणि अंगठाही दिसत होता.

"मान सोड ना, आई," लुटगार्ट घोगऱ्या आवाजात म्हणाली. "दुखतंय."

गोडेलीव्हचे दोन्ही हात कॅमेऱ्यावर होते.