प्रकाराचा रकाना

“गायक, तुळशीराम खंडारे. प्रकार, इंडी फोक.” अण्णांचं गाणं इंटरनेटवर चढवून मी त्यांना फोनवरची माहिती वाचून दाखवत होते. ढोलकी कसता कसता ते थांबले.

“म्हणजे काय गं?”

“लोकगीतासारखंच, पण आजच्या काळाचं.”

अण्णांनी चाळीस वर्षं गावोगावच्या जयंत्यांना भीमगीतं गायली. मी स्टेजमागे पेटीच्या खोळीवर झोपून मोठी झाले. त्यांच्या वहीतून मी हेच गाणं निवडलं, कारण त्यात बाबासाहेबांचं नाव येत नव्हतं. नुसतं तळ्याचं पाणी होतं. प्रकाराच्या रकान्यात हवं ते लिहिता येत होतं. ‘भीम’ एवढं लिहिलंही होतं. मग ही लिंक ऑफिसच्या ग्रुपवरही टाकायची होती हे आठवलं आणि मी ते पुसलं.

“भीमगीत नाही लिहिलंस?”

“अण्णा, आता प्रकारबिकार कुणी बघत नाही. सगळं एकात एक मिसळलंय.”

त्यांनी मान हलवली. ढोलकीवर एक थाप मारून कान दिला.

“कुणी बघतच नाही, तर लिहायला काय हरकत होती?”

टोमणा नव्हता; ते खरंच विचारत होते. उत्तर मला माहीत होतं, म्हणून मी फोनवरून नजर उचलली नाही.