अंगठ्याचा डाग

सुट्टीतल्या ट्रेनिंगसाठी चिपळूणहून आलेल्या अनुपमाला मुलुंडच्या कारखान्यात एक जुना, अर्धवट नकाशा ट्रेस करायला मिळाला. तारीख १९६१ची, तिच्या जन्माआधीची. पण मापांमधल्या सातच्या आकड्याला मधोमध आडवी रेघ होती. ती खोड तर तिचीच!

कुणीतरी आपली फिरकी घेतंय, असं वाटून तिने हेड ड्राफ्ट्समन सहदेवकाकांना विचारलं, "हा कुणी काढलाय, काका?"

"होती एक ट्रेनी. सुट्टीपुरती आलेली."

"मग अर्धाच का सोडला?"

"तू आधी तिथवर ये तर खरी."

चारला सगळे चहाला उतरले, तेव्हा ती शेवटच्या रेघेशी पोचली. शाईने भरलेला अंगठा चुकून कागदावर उमटला. तिने ट्रेसिंग पेपर उचलून खाली पाहिलं. तिथेही, त्याच जागी, तोच अंगठा होता. पुढे सगळं कोरं.

पाठीमागे काकांनी दार लावून घेतलं.

"झालं का गं?"