पहिला धडा: नमस्कार

भांडुपच्या निधीने चार देशांतल्या मुलांबरोबर भाषा शिकवणारी वेबसाइट बनवली. मराठीचे सगळे धडे तिने लिहिले, पण टीमचा म्होरक्या सौरभ, त्याने त्यावर स्वतःचं नाव टाकलं.

वर म्हणतो, "चिल ना यार, नाव कोण वाचतं?"

निधी भांडली नाही. तिने फक्त 'नमस्कार कसा करावा' हा धडा बदलला. सौरभ मराठीच, तो कशाला उघडून बघतोय!

वेबसाइटला मिळालेल्या बक्षिसाच्या ऑनलाइन समारंभात सौरभ आईबाबांना घेऊन नटूनथटून बसला. त्याला मराठीत नमस्कार करायला केनिया, ब्राझील, फिनलंडच्या पोरांनी हात जोडून प्रेमाने म्हटलं, "काय रे चोरा, निधीचं नाव कुठे लपवलंस?"

तुम्हाला थाप वाटेल, पण जपानच्या पोराने तर ते कमरेत वाकून दोनदा विचारलं.