दोन टिंबांची निब

"ही टिंबं कोणी दिली, ते तुम्हाला खरंच माहीत आहे?" डॉ. हेनिंग टेसमर यांनी डोळ्यावरचं भिंग बाजूला केलं आणि समोरच्या म्हातारीकडे पाहिलं.

गर्लिंडे ब्रोडेर्सनने होकारार्थी मान हलवली. एक्याऐंशी वर्षांत ती कधी बिनतिकीट गाडीत बसली नव्हती, की तिने तांबडा दिवा असताना रस्ता ओलांडला नव्हता. आणि गेल्या मंगळवारी हॅम्बुर्गच्या पेपरात तिने वाचलं : जुन्या पेनांच्या निबेखाली सुईने दिलेली दोन टिंबं हे कोणाचं काम? आम्ही वीस वर्षं शोध घेतोय. माहिती असणाऱ्याने शनिवारी पेनांच्या मेळाव्यात यावं.

तेव्हापासून तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. बासष्ट वर्षांनी बिंग फुटलं होतं. शेवटी तिने ठेवणीतला कोट चढवला आणि आपणहून हजर झाली.

"आधी बसा बघू," डॉक्टर म्हणाले. ते दातांचे डॉक्टर. निवृत्त झाल्यापासून नुसती पेनं उघडून बसत. त्यांनी एक काळं पेन उचललं. दिसायला साधंच. मागचा भाग फिरवला की शाई आत ओढणारं, आणि किती उरली ते मधल्या हिरवट पट्टीतून दाखवणारं.

"अशी पेनं आपल्याकडे ढिगाने झाली, बाई. पण ही निब बघा." त्यांनी कागदावर रेघ ओढली. दाब दिला तशी ती रुंदावली. हात सैल सोडला तशी केसासारखी बारीक झाली. "ही गंमत आजच्या पेनांत कुठे! हिच्यासाठी लोक टोकियोहून येतात. जगात एक्केचाळीस सापडल्यात. माझं म्हणणं, एक टिंब सोन्याच्या कसाचं, दुसरं लवचीकपणाचं. हा म्युनिकचा गाढव म्हणतो, ती कारागिराची सही."

"गाढव कोण ते आता कळेलच," शेजारच्या टेबलावरचा जाडा गृहस्थ म्हणाला आणि खुर्ची ओढून जवळ आला. आणखी चारपाच जण भोवती जमले.

"सांगा," डॉक्टर पुढे झुकले. "कोण होता तो थोर कारागीर?"

"थोर कसला," गर्लिंडे पुटपुटली. "मी होते. आणि त्या बाद निबा होत्या."

मग तिने एका दमात सगळं ओकून टाकलं. ती एकोणीस वर्षांची होती. कारखान्यात निबा लिहून तपासायचं काम तिच्याकडे होतं. ऑफिसांतून तेव्हा कार्बन घालून एकदम तीन-तीन प्रती काढत, त्यामुळे निब खिळ्यासारखी टणक हवी. मऊ निघेल ती वितळवायच्या डब्यात टाका, असा फोरमनचा हुकूम.

"पण काय निबा होत्या हो त्या, डॉक्टरसाहेब! कागदाला टेकवली की आपणहून चालायला लागायची. माझा हातच धजेना. मी त्या चांगल्यांच्या ट्रेमध्ये सरकवायचे. दोन वर्षं बाद माल लोकांच्या गळ्यात मारला मी. आता काय शिक्षा असेल ती सांगा."

"किती?" डॉक्टरांचा आवाज चिरकला. "किती सरकवल्या?"

"तीनशे तरी असतील."

म्युनिकचा जाडा मटकन खुर्चीत बसला. "म्हणजे अजून अडीचशेवर बाहेर आहेत!" तो ओरडला, तसाच उठला आणि त्याने गर्लिंडेचे दोन्ही गाल मुके घेऊन ओले केले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. कोणी कॉफी आणली, कोणी प्लमचा केक. हातोहात पेनं पुढे आली : एकदा लिहा ना, आजी, फक्त एक ओळ! गर्लिंडेने एक पेन घेतलं. निब कागदाला टेकली आणि आपणहून चालायला लागली. तिला हसू फुटलं. शिक्षा वगैरे काही नव्हतीच.

डॉक्टरांनी वही उघडली. "पण मग टिंबं कशासाठी? आणि दोनच का?"

गर्लिंडे चक्क लाजली. "पुढच्या टेबलावर एगॉन निबा पेनात बसवायचा. कुठली गुपचूप बसवायची ते त्याला कळावं म्हणून एक टिंब मी द्यायचे. तो शेजारी आपलं एक द्यायचा, मला दाखवायचा, मग बसवायचा."

"त्याची काय गरज?"

"तोंडाने बोलायची हिंमत नव्हती ना त्याला! दोन वर्षं हेच चाललं. मग मीच विचारलं, आणि लग्न केलं."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. जरा चाचरत विचारलं, "एगॉन... आहेत का अजून?"

"न असायला काय झालं? कोपऱ्यावर गाडीत बसलाय," ती म्हणाली. "पळायची वेळ आली तर म्हणून, इंजिन चालू ठेवून."