जेवणाआधीची हजेरी

१९९४च्या मे महिन्यात बालगृहातून आठ वर्षांची मैत्री नावडे गावात गिरजाबाईंच्या घरी राहायला आली, तेव्हा त्यांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांना मूलबाळ नव्हतं. पोरीनं एकदा ‘आई’ म्हणावं, एवढाच ध्यास होता.

दुपारी त्यांनी तिचं नाव कोरलेल्या नव्या ताटात भाकरी आणि सुकट वाढली. पण मैत्री बसेना. ती भिंतीला पाठ लावून ताठ उभी राहिली. बालगृहात जेवणाआधी मुलं ओळीनं उभी राहून आपापला नंबर पुकारत.

“अकरा!” ती ओरडली.

गिरजाबाई खळखळून हसल्या. “अगं येडे, हितं कुठली ओळ? हितं तुझाच पयला नंबर!”

मैत्रीचे डोळे लकाकले. “खरंच, मावशी? एक!”

“दोन,” तिच्या शेजारून कुणीतरी म्हणालं. शेजारी नुसती भिंत होती.

“तीन.” “चार.” पोरांचे आनंदी आवाज एकामागून एक भिंतीच्या कडेनं पुढे सरकत आले. मैत्री हसत समोर बघत होती.

“अठरा,” हा आवाज गिरजाबाईंच्या अगदी खांद्याशी आला. मैत्रीनं त्यांच्याकडे वळून पाहिलं.

“बोल की, आई,” मैत्री म्हणाली. “आता तुझा नंबर.”