झाकणाचं बीळ

"म्हणजे मी खोटं लिहिलं, असंच ना?" संग्रहपालाने बाटली टेबलावर अशी आदळली की आतलं स्पिरिट हिंदकळलं आणि त्यातला कोळी उलटा झाला.

बंदर बांधणाऱ्या कंपनीने पाठवलेल्या तज्ज्ञबाई शांतच होत्या. "तसं नाही म्हटलं मी. या किनाऱ्याच्या तुमच्या संग्रहालयातल्या सगळ्या नोंदी पाहिल्या. भुंगे, विंचू, नाकतोडे पुन्हा पुन्हा सापडलेत. वाळूत झाकणाचं बीळ करणारा हा कोळी मात्र एकदाच, आणि तोही तुम्हालाच."

"मग? दुर्मिळ आहे म्हणूनच तर बंदराचं काम थांबलंय!"

"ते थांबलेलंच ठेवायचं का, हे बघायला आलेय. उद्या जागेवर जाऊ. सापडला तर माझा अहवाल तुमच्या बाजूने."

"हाक मारली की ओ देतो, असं वाटतं का तुम्हाला?"

संग्रहपालाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. सारी हयात किड्यामुंग्यांत घातली, आणि आता ही कालची पोर पुरावा मागते! त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

त्याच किनाऱ्यावर त्याच्या ताईचं घर होतं. नवरा गेल्यावर तिने एकटीने उभं केलेलं. बंदर झालं की ते घर आणि शेजारची सगळी आळी भुईसपाट होणार होती. कुणीतरी कुठेतरी सही करायची आणि ताईने चंबूगबाळं आवरायचं, हा कुठला न्याय?

सकाळी ताईने तज्ज्ञबाईंना दारातच सुनावलं. "माझा भाऊ आहे तो. लहानपणी बरणी फुटली तरी आपणहून येऊन सांगायचा."

"ताई, तू गप्प बस," तो खेकसला.

तज्ज्ञबाई वाळूत गुडघ्यांवर रांगू लागल्या. संग्रहपालाच्या तोंडाचा पट्टा सुरूच होता. ऋतू चुकीचा, वारा चुकीचा, एवढ्या माणसांच्या पायांनी कुठला जीव वर येतो! सोबत आलेला कंपनीचा माणूस घड्याळ बघून गालातल्या गालात हसत होता. त्याला तिथेच पुरावं, असं संग्रहपालाला वाटलं.

दुपार कलली. "पुरे झालं," कंपनीचा माणूस म्हणाला. "आम्हालाही कामं आहेत."

"थांबा." तज्ज्ञबाईंनी चिमट्याने वाळूचा बटणाएवढा पापुद्रा उचलला. तो झाकणासारखा उघडला, आणि खालून दोन काळे पाय बाहेर आले.

ताईने टाळ्या पिटल्या. आळी धावत आली. कंपनीच्या माणसाचं तोंड एवढंसं झालं.

"माफ करा, सर," तज्ज्ञबाई हात झटकत उठल्या. "तुमच्यावर शंका घ्यायला नको होती."

संग्रहपाल मटकन वाळूत बसला. "बघा, आनंदाने कसा गळाठला," म्हणत ताई त्याची पाठ चोळू लागली.

बाटलीतला कोळी त्याने शेकडो मैल दूर, भलत्याच समुद्राकाठी पकडला होता.